आत्याला विचारून केलेला अल्बम: हातकागद, गव्हाचा चीक आणि घरातले फोटो

अल्बम करायचा ठरला की सगळ्यात आधी घरातलं सर्वांत वयस्कर माणूस गाठा. कागद, कात्री, दोरा नंतर कधीही मिळतो. लग्नाच्या फोटोत नवरीच्या मागे उभी असलेली, अंबाड्यावर गजरा माळलेली बाई कोण, हे सांगणारं माणूस मात्र घरात एखादंच उरलेलं असतं. माझ्या माहेरी ते माणूस म्हणजे सांगलीची आत्या. तिच्याशेजारी बसून केलेल्या अल्बमवरच मी हे काम नीट शिकले, म्हणून उदाहरणं बरीचशी तिचीच येतील.

मी चिपळूणची. शाळेत चित्रकला शिकवत होते, आता ओळखीतल्या बायकांना घरी बोलावून हातकागदाचे अल्बम करायला शिकवते. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या गावात किती घरांतले अल्बम चिखलात गेले ते मी पाहिलं आहे. त्यानंतर माझं एक मत पक्कं झालं: मूळ फोटो आणि अल्बम या दोन वेगळ्या वस्तू ठेवायच्या. अल्बम नकलांचा करायचा, भरपूर हाताळायचा, वाटायचा, मुलांच्या हातात द्यायचा. मूळ फोटो अंधारात, कोरड्या जागी, उंचावर ठेवायचे. हे एकदा मान्य केलं की पुढची बरीच भीती जाते.

गप्पा मारताना

फोटो पुढ्यात टाकून नुसतं "हे कोण?" विचारलं की नाव मिळतं आणि बोलणं तिथेच थांबतं. मी आडून विचारते. हा फोटो कुणी काढला? तेव्हा कॅमेरा कुणाकडे होता? मागे दिसतं ते घर कुणाचं? त्या दिवशी जेवायला काय होतं? ही साडी कुठली? साडीचं विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "माझी कुठली गं, जावेची. फोटोपुरती नेसले होते." त्या फोटोतली सगळ्यात खरी गोष्ट मला साडीतून कळली.

फोन टेबलावर ठेवून आवाज रेकॉर्ड करा. फोनखाली घडी केलेला नॅपकिन ठेवला की टेबलावर कप ठेवल्याचा ठणका आवाजात येत नाही. एका बैठकीला अर्ध्या तासाच्या वर ताणू नका. म्हातारं माणूस दमतं, आणि दमल्यावर सगळ्या प्रश्नांना "असेल" असं उत्तर यायला लागतं.

बायकांच्या नावांची जास्त काळजी घ्या. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती, त्यामुळे एकाच बाईचं पाळण्यातलं नाव, सासरचं नाव आणि घरात हाक मारायचं नाव अशी तीन नावं असतात. जुन्या फोटोंच्या मागे यातलं कोणतंही एक सापडतं. नातवंडांना ती तीन वेगळी माणसं वाटतात. माझ्या वहीत प्रत्येक बाईपुढे तिन्ही नावं, माहेरचं आडनाव आणि गाव असा रकाना आहे. पुरुषांना तो लागत नाही.

फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, अगदी हलक्या हाताने. बॉलपेन नको. त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पलीकडच्या फोटोला लागते. सत्तरच्या दशकानंतरच्या रंगीत फोटोंची पाठ प्लास्टिकचा थर दिलेली असते, तिच्यावर साधी पेन्सिल उमटतच नाही. अशा फोटोसाठी कागदाचं पाकीट करा, पाकिटावर आधी लिहा आणि मग फोटो आत घाला.

जुन्या अल्बममधून फोटो सोडवताना

काळ्या जाड पानांचे, कोपऱ्यांत फोटो खोचलेले आणि मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला बटर पेपर घातलेले अल्बम तुमच्याकडे असतील तर नशीबवान आहात. ते उसवू नका. पान न पान जसं आहे तसं फोनने टिपून घ्या, कारण कुणाशेजारी कोण लावलंय हेसुद्धा लावणाऱ्याचं बोलणंच असतं.

खरा त्रास नंतरच्या चिकट पानांच्या अल्बमचा. पुठ्ठ्यावर डिंकाच्या रेघा आणि वर प्लास्टिकचा पारदर्शक पडदा. दिसायला तेव्हा फार आधुनिक वाटायचे. तो डिंक काही वर्षांनी पिवळा पडतो, फोटोची पाठ पकडून ठेवतो, आणि पडद्याचं प्लास्टिक हलकं असेल तर तेही फोटोला चिकटतं. यातून फोटो नखाने उचकटू नका. दातांत घालायचा फ्लॉसचा दोरा एक हात लांब घ्या, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळा, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे करत न्या. फोटो वाकू द्यायचा नाही, दोरा पानाला टेकून चालला पाहिजे. मध्येच अडकला तर दुसऱ्या बाजूने या. तरीही सुटत नसेल तर पडदा बाजूला करून पानावरच त्याची नक्कल काढा आणि फोटोभोवतीचं पान कापून तसंच पाकिटात ठेवा.

लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे वडीलधारं माणूस गेलं की त्याचा एकुलता एक चांगला फोटो लॅमिनेट करून आणायची घाई होते. उष्णतेने वितळलेलं प्लास्टिक त्या फोटोवरून पुन्हा कधी निघत नाही. भिंतीवर हार घालायला, काचेवर कुंकू लावायला नक्कल लावा. भिंतीवरच्या उन्हाने जो रंग उडायचा तो नकलेचा उडू दे.

नक्कल काढताना

जवळपास स्कॅनर असेल तर उत्तम. ४ × ६ इंची फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके ठेवून, स्कॅन केला की २४०० × ३६०० पिक्सेलची प्रत मिळते, म्हणजे छापताना मूळच्या दुप्पट आकारापर्यंत तो सुबक येतो. पासपोर्ट आकाराचा, किंवा खूप माणसं दाटीने बसलेला छोटा फोटो असेल तर १२०० ठेवा. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा. जुन्या फोटोचा तो चहासारखा तपकिरी उतारा रंगीत स्कॅनमध्येच येतो, आणि डाग कुठला नि मूळ सावली कुठली हे ओळखायला त्याचा उपयोग होतो.

स्कॅनर नसेल तर फोनही पुरेसा आहे. फक्त उजेडाची शिस्त हवी. उत्तरेच्या खिडकीजवळ किंवा ढगाळ दिवशी, जमिनीवर काळा कागद पसरून त्यावर फोटो ठेवा. घरातले दिवे बंद, फ्लॅश बंद. फोन फोटोला बरोबर समांतर, अगदी जवळ न नेता जरा वरून धरायचा. फार जवळ गेलं की कडा फुगीर येतात. चकचकीत फोटोत तुमचंच प्रतिबिंब दिसत असेल तर गडद कपडे घाला. मी काळी ओढणी अंगावर घेते. फोटोच्या चारी कडा चौकटीत येऊ द्या, कातरण नंतर करा. जुन्या स्टुडिओंचं नाव बऱ्याचदा पांढऱ्या कडेवर उठवलेलं असतं आणि फोटो कुठल्या गावी काढला याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो. पाठीमागे काही लिहिलेलं असेल तर पाठीचाही फोटो घ्या.

निगेटिव्ह फेकू नका, आणि फेकत असाल तर आधी मला द्या. बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा आमच्याकडेही होता. त्यात १२० नंबरचा रोल जायचा आणि ६ × ६ सेंटीमीटरचे बारा चौकोनी फोटो यायचे. पैसे वाचवायला तेव्हा लोक निगेटिव्हच्याच आकाराची छोटी प्रत काढून घ्यायचे, त्यामुळे अल्बममध्ये चेहरे भाताच्या शिताएवढे दिसतात. पण त्या निगेटिव्हमध्ये खूप काही साठलेलं असतं. २४०० डीपीआयवर स्कॅन केलं तर एका बाजूला पाच हजारांवर पिक्सेल मिळतात आणि आजवर कुणी न पाहिलेले चेहरे समोर येतात. आत्याच्या थोरल्या भावाच्या कपाळावरची खोक आम्हाला अशीच दिसली. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती आधी स्कॅन करायला घ्या. फिल्मचा पायाच कुजायला लागल्याची ती खूण आहे आणि तो आंबूसपणा शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बाधतो.

प्रतींना नाव देताना वर्ष पुढे ठेवा: "१९७४_सांगली_लग्न_०१". वर्ष नक्की नसेल तर "१९७०चे_दशक" लिहा, अंदाजाचं वर्ष खरं म्हणून लिहू नका. सगळ्या प्रती तीन ठिकाणी ठेवा, आणि त्यातलं एक ठिकाण दुसऱ्या गावी असू दे. आमचं ते ठिकाण म्हणजे पुण्याची भाची.

आजचेही काही फोटो काढा

जुन्या फोटोंच्या नादात आजचा दिवस राहून जातो. अल्बममध्ये मी दर काही पानांनी एखादा नवा फोटो घालते: आत्याच्या हातात तिचाच लग्नातला फोटो, तिचा अडकित्ता, पितळी डबा, पाककृतींच्या वहीतलं तिचं अक्षर, परसातल्या विहिरीचा रहाट. चेहरा समोरून आणि हसरा हवा असा हट्ट नको. म्हातारी माणसं "थांब, पदर घेते" म्हणून ताठ बसतात. त्यांना शेंगा सोलायला द्या, वाती वळायला द्या, आणि खिडकी त्यांच्या एका बाजूला येईल असं बसवा. फोनची काच पुसून घ्या, झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा.

छापायचे फोटो लॅबमधून फोटोपेपरवर, मॅट पृष्ठभागावर काढून आणा. घरच्या साध्या इंकजेट प्रिंटरची शाई कोकणातल्या दमट हवेत पसरते. शंका असेल तर वाया गेलेल्या प्रिंटच्या कोपऱ्यावर ओलं बोट टेकवून बघा. रंग बोटाला आला तर तो प्रिंट अल्बममध्ये नको.

कागद

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण कागद चुकला की बाकीचं सगळं फुकट जातं.

वर्तमानपत्र उन्हात दोन दिवसांत पिवळं पडतं, कारण त्याचा लगदा लाकडाचा असतो आणि लाकडातलं लिग्निन त्यात तसंच राहिलेलं असतं. हातकागद सुती चिंध्यांचा, बहुतेक वेळा बनियन-टीशर्टच्या कारखान्यांतून निघणाऱ्या पांढऱ्या सुती कातरणांचा असतो. कापूस म्हणजे जवळजवळ निखळ सेल्युलोज, म्हणून असा कागद पिढ्यान्‌पिढ्या पांढरा आणि चिवट राहतो. आपल्याकडे याची परंपरा जुनी. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही कागद करणाऱ्यांची नावाजलेली गावं. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० मध्ये गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून के. बी. जोशी यांनी ती उभी केली. पुण्याला कधी गेलात तर चक्कर टाका. ताव हातात घेऊन, उजेडाकडे धरून निवडण्याची मजा ऑनलाइन मागवण्यात नाही.

पाकळ्या, पानं, गवत, चमकी घातलेला हातकागद दुकानात लगेच डोळ्यांत भरतो. तो शुभेच्छापत्रांना वापरा, फोटोच्या पानाला नको. पाकळीतला रंग दमट हवेत उतरतो आणि तिच्या उंचवट्याचा वळ फोटोवर येतो. गडद रंगाचा कागद हवा असेल तर ओल्या पांढऱ्या कापसाचा बोळा त्यावर दाबून बघा. कापूस रंगला तर कागद परत ठेवा. तिसरी परीक्षा शाईची: कोपऱ्यावर पेनाने एक रेघ मारा. रेघ फुटली, तिला केस आले, म्हणजे कागदाला पुरेशी खळ दिलेली नाही आणि त्यावर लिहिता येणार नाही. आणि आपल्या अल्बममध्ये लिहायचं तर खूप आहे.

पानांना २०० ते २५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पांढरा किंवा फिकट ताव घ्या. फोटो खोचायच्या कोपऱ्यांना १०० च्या आसपासचा. हातकागदाचा पूर्ण ताव बहुधा २२ × ३० इंची असतो. त्याचे १० × ११ इंची सहा तुकडे बरोबर निघतात, काहीच वाया जात नाही. कटरने कापू नका. स्टीलची पट्टी ठेवा, पट्टीच्या कडेने पाण्यात भिजवलेला बारीक ब्रश दोनदा फिरवा, मिनिटभर थांबा आणि पट्टीच्या दिशेने कागद ओढून फाडा. ओलसर धाग्यांची जी मऊ कड येते ती तावाच्या मूळ कडेशी शोभून दिसते. पानं वजनाखाली रात्रभर वाळू द्या.

चिकाची खळ

ज्यांच्या घरी उन्हाळ्यात कुरडया होतात त्यांच्याकडे जगातला उत्तम डिंक तयारच असतो. जुन्या कागदांची डागडुजी करणारे जाणकार गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. ती धरते, पण पाणी लावलं की पुन्हा सुटते, आणि फोटोला किंवा कागदाला बाधत नाही. गव्हाचा चीक म्हणजे तेच.

कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून चीक बसवला की मीठ-हिंग घालण्याआधी वाटीभर बाजूला काढून घ्या. आंबलेलं पाणी काढून टाका, नवं पाणी घाला, ढवळा, बसू द्या, वरचं ओता. वास जाईपर्यंत हे करत राहा, कारण तो आंबटपणा कागदाला नको आहे. वरचा पिवळसर चिकट थर चमच्याने काढून टाका. खाली बसलेला पांढराशुभ्र चीक ताटात पसरून कडक वाळवा आणि बरणीत भरा. आमची एक बरणी वर्षभर पुरते.

खळ करताना एक भाग चीकपूड, पाच भाग पाणी. अर्धा तास भिजू द्या, मग मंद आचेवर सतत ढवळा. दुधाळ रंग जाऊन ती काचेसारखी पारदर्शक, जड व्हायला लागली की आणखी काही मिनिटं शिजवा. गार झाल्यावर पंचाच्या तुकड्यातून गाळून घ्या. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहते, आंबट वास आला की फेकायची. लावताना थोडी पाण्याने सैल करा.

जुने बुकबाइंडर खळीला कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. हिशेबाच्या चोपड्यांना ते चालून गेलं, आपल्या कामात नको. तांब्याचा क्षार कागदाला हळूहळू ठिसूळ करतो, आणि मोरचूद विषारीही आहे. फेव्हिकॉल मी फक्त मुखपृष्ठाच्या पुठ्ठ्याला वापरते, फोटोच्या पानांना नाही.

कोपरे आणि पानं

फोटो पानाला चिकटवायचा नाही, कोपऱ्यांत खोचायचा. कोपरे विकतही मिळतात, पण घरी करणं मुलांना फार आवडतं. पातळ हातकागदाच्या १.२ सेंटीमीटर रुंद, ४ सेंटीमीटर लांब पट्ट्या कापा. पट्टी आडवी धरा, वरच्या कडेचा मध्य बोटाने दाबून ठेवा आणि दोन्ही बाजू खाली दुमडा, त्या शेजारी-शेजारी येतील अशा. वर काटकोनाचं टोक तयार होतं. खाली आलेले शेपटांचे तुकडे कापून टाका. जोड असलेली बाजू खाली. फोटोच्या चारही कोपऱ्यांना हे टोप्यांसारखे घाला, फक्त त्यांच्या पाठीला खळीचा ठिपका लावा आणि फोटो पानावर ठेवून दाबा. खळ फोटोला लागता कामा नये. वर बटर पेपर आणि जाड पुस्तक.

एका पानावर दोनपेक्षा जास्त फोटो मी लावू देत नाही. उरलेली जागा अक्षरासाठी. सगळं आधी पेन्सिलीने मांडा, मग पाण्याने न पसरणाऱ्या काळ्या पिगमेंट शाईच्या पेनाने लिहा. आत्याचं वाक्य तिच्याच बोलीत लिहा. "जावेची साडी" हे मी तिच्या शब्दांत उतरवलं, शुद्ध करून नाही. आणि जमलं तर एखादी ओळ त्या माणसालाच लिहायला द्या. हात थरथरत असला तरी चालेल. छापील फोटोबुक देखणं होतं, पण त्यात या थरथरत्या अक्षराला जागा नसते, म्हणून मला हा खटाटोप करावासा वाटतो.

शिवण

फोटो लावलेली पानं नुसती एकावर एक शिवली तर अल्बम समोरून फुगतो आणि कण्याकडे चपटा राहतो. म्हणून प्रत्येक दोन पानांमध्ये, शिवणीच्या बाजूला, त्याच जाड कागदाची इंचभर रुंद पट्टी घाला.

मुखपृष्ठाला २ मिलिमीटरचा पुठ्ठा. पुढच्या पुठ्ठ्यातून शिवणीकडची ३ सेंटीमीटरची पट्टी वेगळी कापा आणि दोन्हींमध्ये अर्धा सेंटीमीटर फट ठेवून कापड चढवा. या फटीवरच अल्बम उघडतो. कापड म्हणून मी खण वापरते, जुन्या चोळीचा असेल तर सोन्याहून पिवळं. खणाला थेट गोंद लावला तर तो आरपार येऊन डाग पडतो. आधी खण उलटा पसरून त्याच्या पाठीला पातळ कागद खळीने चिकटवा, वाळवा, मगच पुठ्ठ्यावर चढवा.

आता सगळा गठ्ठा सारखा करून दोन चिमट्यांनी आवळा. कण्यापासून सव्वा सेंटीमीटर आत, वरून खाली चार भोकं आरीने पाडा. १ आणि ४ कडांपासून दीड-दोन सेंटीमीटरवर, २ आणि ३ मध्ये समान अंतरावर. मेण लावलेला जाड सुती दोरा कण्याच्या लांबीच्या सहापट घ्या, दाभणात ओवा. मागून २ मधून वर या, मागे वीतभर शेपूट सोडून. दोरा कण्यावरून फिरवून पुन्हा २ मधूनच वर. मग ३ मधून खाली, कण्यावरून वेढा, पुन्हा ३ मधून खाली. ४ मधून वर, कण्यावरून वेढा आणि वर, खालच्या कडेवरून वेढा आणि वर. आता परत फिरा: ३ मधून खाली, २ मधून वर, १ मधून खाली. १ ला कण्यावरून एक वेढा, वरच्या कडेवरून एक वेढा. शेवटी सुई मागच्या बाजूला असते, तिथे २ जवळ सोडलेल्या शेपटाला निरगाठ मारा. दोन्ही बाजूंना अखंड रेघ दिसली पाहिजे. कुठे फट राहिली तर तो टप्पा सुटला आहे, तेवढंच उसवा. दर टाक्याला दोरा ओढून घ्या, पण कागद कापला जाईल इतका नाही.

वाटण्यासाठी छोट्या घड्या

मोठा अल्बम एकच होतो आणि भावंडं चार असतात. त्यासाठी एका तावातून चार घडीच्या पुस्तिका करा. यासाठी १५० जीएसएमचा ताव बरा. तो आडवा धरून १४ सेंटीमीटरच्या चार लांब पट्ट्या फाडा, प्रत्येक साधारण ७६ सेंटीमीटर लांब. पट्टी मधोमध दुमडा, पुन्हा मधोमध, पुन्हा मधोमध, आणि उघडून घड्या एक आत एक बाहेर अशा पंख्यासारख्या वळवा. साडेनऊ सेंटीमीटर रुंदीची आठ पानं होतात. सात पानांवर एकेक फोटो, प्रत्येकाखाली दोन ओळी. दोन्ही टोकांना पुठ्ठा लावला की पुस्तिका टेबलावर उभी राहते, आणि जाड पाकिटात टपालानेही जाते. आमच्या आत्याच्या चारही भाच्यांना अशी एकेक गेली. एकीने बंगळूरहून फोन करून फोटोतल्या एका अनोळखी माणसाचं नाव सांगितलं, जे आत्यालाही आठवत नव्हतं. म्हणून अशा पुस्तिकेचं शेवटचं पान मी कोरं ठेवते आणि वर लिहिते: "तुम्हाला काय आठवतं?"

फोटो भिजले तर

हा भाग पूर येण्याआधी वाचून ठेवा. नदीकाठच्या गावांत तर नक्कीच.

भिजलेला गठ्ठा तसाच वाळू देऊ नका. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओला असताना फुगतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला कायमचा चिकटतो. ओले आहेत तोवर ते थंड, स्वच्छ पाण्याच्या परातीत ठेवा आणि पाण्यातच एकेक सुटा करा. चिखल बोटाने घासू नका, पाणी हलवा आणि बदला. मग पांढऱ्या सुती कापडावर, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा, किंवा दोरीवर अगदी कडेला चिमटा लावून टांगा. ऊन नको, हेअर ड्रायर नको. पाण्यात दोन दिवसांच्या वर ठेवू नका, थर सुटून जातो. इतके फोटो एकदम हाताळणं शक्य नसेल तर मध्ये बटर पेपर घालून प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि वीज असलेल्या कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेले फोटो नंतर सवडीने सोडवता येतात.

हाताने रंगवलेले जुने स्टुडिओ फोटो आणि इंकजेट प्रिंट पाण्यात बुडवू नका, रंग जाईल. फ्रेममधला फोटो ओला असतानाच बाहेर काढा. काचेला चिकटून वाळला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

एरवी मूळ फोटो पाकिटांत, पाकिटं झाकणाच्या डब्यात, डबा माळ्यावर नाही तर राहत्या खोलीतल्या कपाटाच्या वरच्या खणात. माळा उन्हाळ्यात भट्टी होतो. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट पावसाळ्यात ओल धरतं, तेही टाळा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीनंतर, हवा कोरडी झाली की, डबा एकदा उघडून पाहा. पांढरी बुरशी दिसली तर ती ओलसर असताना पुसू नका. फोटो मोकळ्या कोरड्या हवेत ठेवून वाळू द्या, मग मऊ ब्रशने घराबाहेर झटका आणि नाकाला रुमाल बांधा. डांबराच्या गोळ्या फोटोंच्या डब्यात टाकू नका. पीव्हीसीचे स्वस्त पारदर्शक कप्पेही नकोत, पॉलिप्रॉपिलीनचे मागा. डब्याच्या झाकणावर आत काय आहे, आणि प्रती कुणाकडे आहेत, ते पेन्सिलीने लिहून ठेवा.